मार्केट यार्डातली 'कष्टाची भाकर': एका जुन्या दिवाणजीचा अभिप्राय

पुण्यात सत्कारांना तोटा नाही. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक, लांबलेलं प्रास्ताविक आणि 'वेळेअभावी दोनच शब्द' म्हणून सुरू झालेलं अर्ध्या तासाचं भाषण. कामगारांसाठी, गरिबांच्या शाळेसाठी, कष्टकऱ्याच्या चार पैशांसाठी झगडणाऱ्या संघटनांचा गौरवसुद्धा आपण असाच उरकतो. त्यांची शाल कपाटात जाते, आपण चहा पिऊन घरी जातो. हमाल पंचायत ही पुण्यातल्या हमालांची अशीच एक संघटना. तिचा मान राखायचा असेल तर मला एक सोपा मार्ग माहीत आहे. तिच्या खानावळीत जावं, रांगेत उभं राहावं, रोख पैसे मोजावेत आणि पोटभर जेवावं. म्हणून हे परीक्षण.

मी कोणी खाण्याचा जाणकार नव्हे. मूळचा माण तालुक्यातला, शिक्षण रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत, आणि पुढचं सगळं आयुष्य मार्केट यार्डातल्या, म्हणजे पुण्याच्या घाऊक बाजारातल्या, भुसार (धान्याच्या) विभागात एका गाळ्यावर दिवाणजी म्हणून गेलं. शेतकऱ्याची हिशेबपट्टी लिहायची, अडत म्हणजे दलाली लावायची, हमाली-तोलाईचे आकडे मांडायचे, महिनाअखेरीला हमालांची मजुरी आणि फंड बघणाऱ्या माथाडी मंडळाचा भरणा करायचा. हमालांच्या टोळीच्या मुकादमाची वही आणि माझी वही जुळली नाही की संध्याकाळी दोघंही चष्मे लावून बसायचो. थोडक्यात, मी हमालांच्या बाजूचा माणूस नव्हतो. मी गाळ्याच्या बाजूचा. दरवाढीच्या बोलण्यांत शेठच्या मागे फायली घेऊन बसणारा. त्यामुळे पुढे जे चांगलं लिहिलंय ते भक्तिभावाने लिहिलंय असं समजू नये.

'कष्टाची भाकर' ही हमाल पंचायतीने चालवलेली खानावळ. १९७४ साली सुरू झाली. शहरात तिची बरीच केंद्रं आहेत, मी लिहितोय ते मार्केट यार्डातल्या केंद्राबद्दल, कारण माझं दुपारचं जेवण वर्षानुवर्षं तिथेच झालं. घरचा डबा असायचा, नाही असं नाही. पण पावसाळ्यात सकाळी सहाला घर सोडणाऱ्या माणसाच्या डब्यातली पोळी दुपारी एकला काय लायकीची राहते हे ज्याचं त्याला ठाऊक.

आधी भाकरीबद्दल, कारण बाकी सगळं तिच्याभोवती आहे.

भाकरी ज्वारीची. ज्वारी मी उभी हयात हाताळली. मूठभर दाणे हातावर घेतले की मालदांडी कोणती, दगडी कोणती, पावसात भिजून काळी पडलेली खरिपाची हायब्रीड कोणती, हे मी न बघता सांगू शकतो. मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा यार्डात कोणी पेढे वाटले नाहीत, पण आम्हाला कौतुक वाटलं होतं. चांगल्या भाकरीचं अर्धं श्रेय दाण्याला आणि अर्धं दळणाला. पीठ शिळं झालं की त्याची विरी जाते, थापताना कडा चिरतात, आणि ताटात आल्यावर तुम्ही तुकडा मोडायच्या आधी ती आपणहून मोडते. इथे माल खपतो इतका, की पीठ शिळं व्हायला वेळच मिळत नाही. मोठा खप हाच ताजेपणाचा बंदोबस्त. भाकरी जाडीला मध्यम, पापुद्रा सुटलेला, तळाला दोन-तीन तांबूस ठिपके. घरच्यासारखी आहे असं म्हणणार नाही. घरी एका वेळी चार भाकऱ्या होतात, इथे बायका सकाळपासून भाकऱ्या थापत असतात. इतक्या संख्येत हा दर्जा टिकवणं हे वेगळंच कसब आहे आणि त्याला घरचं माप लावू नये.

झुणका कोरडा, कांद्याचा हात सढळ, तेलाचा राखलेला. तेलाचा तवंग म्हणजे चव असं मानणाऱ्यांना तो साधा वाटेल. मला तो तसाच आवडतो, कारण जेवून उठल्यावर दुपारी तीनपर्यंत वह्या लिहायच्या असत आणि तर्रीचं जेवण डोळ्यांवर येतं. हमालाला तर जेवून लगेच पाठीवर ओझं घ्यायचं असतं. इथलं जेवण त्या हिशेबाने शिजतं: पोट भरावं, पण जड होऊ नये. आमटी तुरीची, सरळ फोडणीची. सदाशिव-नारायण पेठांतून येणाऱ्यांनी चिंच-गुळाची आणि गोड्या मसाल्याची अपेक्षा ठेवू नये. भात मोकळा. उसळ किंवा भाजी त्या दिवशी असेल ती. पोळीही मिळते, पण एवढ्या लांब येऊन पोळी खायची तर घरीच थांबलेलं बरं.

शिरा मात्र सांगायलाच हवा. यार्डात पहाटे आलेला माणूस सकाळी काय खातो यावर त्याची दुपार ठरते. भल्या सकाळी गाडी खाली करून आलेली टोळी शिरा आणि चहा घेते. साखर, तूप, रवा. यात शहाणपणा आहे. स्वस्तात झटपट अंगात ताकद आणणारं याहून दुसरं काय? माझ्यासारख्या बसून काम करणाऱ्याने तो रोज खाऊ नये, असं मला डॉक्टरांनी सांगितलं आहे आणि मी ते सोयीने ऐकतो.

बसायची व्यवस्था अगदी साधी. कूपन घ्यायचं, ताट आपणच आणायचं, जागा मिळेल तिथे टेकायचं, उठताना ताट आपणच नेऊन ठेवायचं. 'आमचं चार जणांचं टेबल' हा प्रकार नाही. तुमच्या शेजारी कमरेला पोती ओढायचा लोखंडी आकडा खोचलेला हमाल बसेल, समोर भाजी घेऊन आलेला पुरंदरचा शेतकरी बसेल, कोपऱ्यात ट्रकचा क्लीनर. कोणी कोणाच्या ताटात बघत नाही. मला सुरुवातीला याचीच अडचण वाटायची, कारण सकाळी ज्याच्याशी हमालीच्या आकड्यावरून हुज्जत घातली तोच मुकादम दुपारी समोर भाकरी कुस्करत असायचा. तो मात्र सहज म्हणायचा, "दिवाणजी, मिरची घ्या की." सकाळचा विषय तो ताटावर कधी काढत नसे. शेवटी मीही काढेनासा झालो.

किंमत मुद्दाम लिहीत नाही. दर वेळोवेळी बदलतात, फलकावर लिहिलेले असतात, तिथे बघावेत. एवढं सांगतो की बाहेरच्या कोणत्याही साध्या थाळीचे दर डोक्यात ठेवून गेलात तर कूपन देणाऱ्याला तुम्ही दोनदा विचाराल, की हे एकाचंच ना?

हाच प्रश्न आमच्या छोट्या शेठनी विचारला होता. छोटे शेठ म्हणजे माझ्या मालकांचे चिरंजीव, आता गाळा तेच बघतात. मी निवृत्त झालो त्या सुमारास एकदा म्हणाले, "काका, तुम्ही रोज जाता तिथे मलाही न्या एकदा." घेऊन गेलो. जेवले, दुसरी भाकरी मागून घेतली, आणि मग व्यापाऱ्याचं रक्त जागं झालं. "काका, हे परवडतं कसं?"

मग आम्ही दोघं भुसारवाले कूपनच्या पाठीवर हिशेब मांडत बसलो. ज्वारीचा त्या दिवशीचा घाऊक भाव आम्हाला तोंडपाठ. किलोभर पिठात हाताच्या मापाप्रमाणे दहा-बारा भाकऱ्या. त्यावर दळण, त्यावर गॅस, त्यावर करणारीची मजुरी. बेसन, तेल, कांदा, तिखट-मीठ. भांडी, पाणी, वीज, तूटफूट. सगळं मांडून झाल्यावर आमचा आकडा फलकावरच्या दराच्या जवळपास आला. छोटे शेठ कागदाकडे बघत राहिले. काय राहिलं ते त्यांना दिसत होतं. जागेची पागडी नाही, भिंतीवरची सजावट नाही, जाहिरात नाही, मोबाइलवरून मागवणाऱ्या कंपनीचं कमिशन नाही, आणि मालकाचा नफा नाही. थोडा नफा आणि मोठा खप, हे आमच्या धंद्याचं जुनं सूत्र. इथे नफाच काढून टाकलाय आणि खप ठेवलाय. 'ना नफा ना तोटा' हे शब्द पाटीवर पुष्कळ ठिकाणी असतात. ते हिशेबाने पडताळून बघण्याची संधी मला इथे मिळाली.

"म्हणजे काका, आपण बाहेर थाळीला देतो त्यात जेवणाचे किती?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्हीच काढा.

बाहेर म्हणजे कुठे, हे सांगायला हवं. हायवेवर एक ठिकाण आहे, नाव घेत नाही, 'अस्सल गावरान' म्हणून. भिंतीला बैलगाडीचं चाक टांगलंय, वाढणाऱ्या पोरांना फेटे बांधलेत, पाणी तांब्यात. झुणका-भाकर तिथेही आहे. भाकरी वातड, झुणका तेलात पोहतोय, आणि बिलात सेवाशुल्काची ओळ वेगळी. फेटा बांधलेल्या पोराला विचारलं, यातलं तुला काय मिळतं रे? तो नुसता हसला. हिशेबपट्टी लिहिणाऱ्या माणसाला असली बिलं बघवत नाहीत. मी लिहायचो त्या पट्टीत प्रत्येक कपातीला नाव असायचं: हमाली, तोलाई, अडत. शेतकरी कपातीवरून भांडू शकायचा, कारण ती त्याला दिसायची. त्या बिलात नावच नसलेलं बरंच काही होतं.

आता ही खानावळ कोणी आणि का काढली, ते थोडक्यात. थोडक्यात म्हणतोय खरा, पण हा माझ्या आवडीचा भाग आहे.

नाना-भवानी पेठेत घाऊक बाजार होता तेव्हा हमाल म्हणजे मोजदाद नसलेला माणूस. मजुरीचा दर ठरलेला नाही, सुट्टी नाही, आजारी पडला तर त्या दिवशी उपास. पोती क्विंटलची, शंभर किलो एका पाठीवर. नाना पेठेत दवाखाना चालवणारे डॉ. बाबा आढाव या माणसांच्या पाठी आणि गुडघे तपासत होते, आणि दुखणं औषधाने जाणारं नाही हे त्यांना उमगलं. १९५५ च्या सुमारास हमाल पंचायत उभी राहिली. पुढे बाबांच्याच पुढाकाराने पुण्यात रिक्षावाल्यांच्या, पथारीवाल्यांच्या आणि १९९३ साली कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायकांच्या पंचायती झाल्या. 'एक गाव एक पाणवठा' ही त्यांची चळवळ तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे.

मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र केलं आणि १९६९ साली राज्यात माथाडी कायदा झाला. असंघटित कामगारांसाठी असा कायदा देशात पहिलाच. तो चालतो कसा हे लोकांना ठाऊक नसतं, आणि मला ते महिन्याच्या महिन्याला हाताने लिहावं लागलं म्हणून सांगतो. हमाल कोणा एका शेठचा नोकर नसतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या. मग त्याचा प्रॉव्हिडंट फंड कोणी भरायचा, ग्रॅच्युइटी कोणी द्यायची? कायद्याने मधे एक मंडळ उभं केलं. त्यात सरकारचे, मालकांचे आणि कामगारांचे असे तिघांचे प्रतिनिधी. गाळेवाल्याने मजुरी आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्यांची लेव्ही मंडळाकडे भरायची, मंडळाने हमालाला पगार द्यायचा आणि लेव्हीतून त्याचा फंड, रजा, बोनस, औषधपाणी बघायचं. शेठ लोक लेव्हीच्या नावाने बोटं मोडायचे. चेक लिहिताना मीही मोडली आहेत. पण ज्या हमालाने माझ्या डोळ्यांदेखत केस पांढरे केले त्याला निवृत्त होताना रक्कम मिळाली आणि त्याने गावी विहिरीचं काम काढलं, तेव्हा त्या चेकांचं काय झालं हे मला दिसलं.

ओझ्याचंही तसंच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली एका माणसाने वाहायच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो सुचवली. आपल्याकडे क्विंटलची गोणी जाऊन पन्नास किलोचा कट्टा रुळायला त्यानंतर किती वर्षं आणि किती आंदोलनं लागली ते यार्डातल्या जुन्या माणसांना विचारा. हमालांनी रेटा लावला नसता तर गोणी आपण होऊन लहान झाली नसती. व्यापाऱ्यांचं म्हणणं होतं, बारदानाचा खर्च वाढतो. खरं होतं ते. मणक्याचा खर्च कोणाच्या वहीत नव्हता, एवढंच.

संघटना बंद पुकारते तेव्हा पेपरात येते. पण पंचायतीचं मला पटलेलं वेगळेपण बंदमध्ये नाही. पुण्यात बाहेरगावाहून एकटा आलेला हमाल, बायकापोरं गावी, हातात रोजची रोकड. त्याची मजुरी भांडून वाढवली तरी ती जाते कुठे? खानावळीत, सावकाराच्या व्याजात, आजारपणात, खोलीच्या भाड्यात. तेव्हा पंचायतीने एकेक भोक बुजवायला घेतलं. पतसंस्था काढली, दवाखाना काढला, हमालनगरात घरं उभी राहिली, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर महागाईने कहर केला असताना ही खानावळ निघाली. मजुरीवाढ एका हाताने घ्यायची आणि ती गळू नये म्हणून दुसरा हात लावायचा. आमच्या एका मुनीमजींनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, की जमेची बाजू वाढवणं मालकाचं काम, खर्चाची बाजू आवळणं दिवाणजीचं. पंचायतीने दोन्ही केलं.

सरकारनेही भाकरी वाटून बघितली आहे. १९९५ साली युतीचं सरकार आलं आणि एक रुपयात झुणका-भाकर निघाली. गावोगावी मोक्याच्या जागांवर केंद्रं दिली गेली. अनुदान होतं तोवर ताट होतं. पुढे सरकार बदललं, योजना गुंडाळली गेली, आणि त्यातल्या कित्येक टपऱ्यांवर झुणक्याच्या जागी चायनीज आणि वडापाव आले. जागा मात्र सुटल्या नाहीत. मग २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन, दहा रुपयांत थाळी, शहरात वरचे चाळीस रुपये सरकार देणार. करोनाच्या काळात त्या थाळीने पुष्कळांना जगवलं, हे मान्यच केलं पाहिजे. पण अलीकडे केंद्रचालकांच्या थकलेल्या बिलांच्या बातम्या वाचतो तेव्हा या खानावळीचं मर्म कळतं. इथे जेवणाऱ्याने जेवणाची पूर्ण किंमत दिलेली असते. स्वस्त आहे, पण फुकट किंवा उपकाराचं नाही. मंत्रालयातली फाईल अडली म्हणून इथला तवा थंड पडत नाही. सरकारं आली आणि गेली, ही खानावळ पन्नाशी ओलांडून चालूच आहे.

मध्यंतरी जेवताना समोर एक मुलगा बसला होता. परभणीकडचा. पहाटे भाजी विभागात एका अडत्याकडे संगणकावर पट्ट्या करतो आणि मग हडपसरला कॉलेजात जातो. ताटाशेजारी चालू घडामोडींचं मासिक. मी विचारलं, कोणतं कॉलेज? रयतचं निघालं. म्हटलं, अरे आपण गुरुभाऊ! माझ्या काळी आम्हाला 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' घोकायला लावायचे, तर त्याने हसून ते वाक्य पूर्ण केलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था काढली. बोर्डिंगातल्या पोरांना जेवायला घालायला पैसे नव्हते तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक शाळेत सांगितली जाते. शाळा आणि भाकरी या दोन गोष्टी आमच्या संस्थेने कधी वेगळ्या धरल्या नाहीत. पोराच्या पोटात काही नसेल तर फळ्यावरचं त्याला दिसत नाही, आणि बापाला मजुरी पुरत नसेल तर पोर फळ्यासमोर येतच नाही.

हे पुण्यात काही नवं नाही. जोतिराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं त्यात हाच हिशेब मांडला होता: सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, तेव्हा प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा. त्यांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुट्टी मिळवली. शाळा मागणारे आणि सुट्टी मागणारे एकाच घरचे. बाबा आढाव स्वतःला फुल्यांच्याच वाटेवरचे मानायचे. ८ डिसेंबर २०२५ रोजी ते गेले, वयाच्या ९५व्या वर्षी. आता वीसपेक्षा कमी पटाच्या सरकारी शाळांचं काय करायचं याची चर्चा ऐकतो तेव्हा मला त्या परभणीच्या मुलाच्या गावची शाळा आठवते, तो म्हणाला होता, "काका, आमच्या वस्तीवर चौथीपर्यंतच होती, पण होती म्हणून मी इथवर आलो." त्याने भाकरी संपवली, मासिक काखेत मारलं आणि बसच्या दिशेने पळाला. माझं ताट अर्धंच झालं होतं.

कोणी जाऊ नये तेही सांगतो. निवांत दोन तास बसून गप्पा मारायच्या असतील तर हे ठिकाण नव्हे; तुमच्या मागे ताट घेऊन उभा असलेला माणूस तुमच्याकडे बघत नाही, पण तुम्हाला तो जाणवतो. वाढदिवसाला नको. ताटाचे फोटो काढण्यासारखं काही नाही, आणि कोणी काढू लागलं की शेजारची मंडळी जरा अवघडतात. मांसाहार शोधणाऱ्यांनी दुसरीकडे जावं. गाडी घेऊन येणार असाल तर यार्डाच्या आत शक्यतो आणू नका. ट्रक, टेंपो, हातगाड्या यांच्यात ती अडकली की तुमचंही काम होत नाही आणि टोळीचंही.

जेवायला बारा ते दीडच्या मधली गर्दी टाळून जावं. सुटे पैसे न्यावेत. दोन भाकऱ्या, झुणका, आमटी आणि वर थोडा भात, हा माझा नेम. पाहुण्यांना मी उसळही घ्यायला लावतो. घरी न्यायचं असेल तर स्वतःचा डबा असावा. गरम भाकरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालणं मला बघवत नाही, ती घामेजते आणि तिचा जीव जातो.

गुण द्यायचेच असतील तर भाकरीला पैकीच्या पैकी, झुणक्याला त्याहून थोडे कमी, आमटी माझ्या चवीची आहे पण प्रत्येकाच्या असेलच असं नाही. हिशेबाला पैकीच्या पैकी, आणि तो मी स्वतः तपासलेला आहे.

छोटे शेठ आता अधूनमधून गाळ्यावरच्या पोराला डबा देऊन पाठवतात आणि झुणका-भाकर मागवतात. इकडे हमालीच्या दरवाढीची बोलणीही सुरू आहेत. परवा त्यांचा फोन आला होता, मागच्या कराराची फाईल कोणत्या कपाटात ठेवलीय म्हणून. सांगितलं, खालच्या खणात, लाल नाडीची. आणि हेही सांगितलं की तिची एक प्रत मुकादमाकडे आहे, त्यामुळे आकडे जपून बोला.